खाकी सदरा

मुश्ताक आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा माझे यजमान गुणवंतराव वनखात्यात होते आणि त्यांच्या दौऱ्यासाठी भाड्याची जीप लागायची. पुढे ते निवृत्त झाले, आजारी पडले. त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेणं-आणणं मुश्ताकनेच केलं. शेवटच्या खेपेला ते जीपमधून परत आले, पण बसून नाही. त्या दिवशी मुश्ताकने भाडं घेतलं नाही. मी आग्रह केला तर म्हणाला, "बाई, हे भाडं गाडीले पचत नाई."

असा तो बोलायचा. जीपशी तर तो माणसासारखा बोलत असे. चढावर ती कुरकुरली की म्हणायचा, "चाल वो माय, समोर उतार आहे, तुले खोटं सांगून मले काय भेटनार?" उंच, काळासावळा, पुढे आलेले दात. अंगात कायम खाकी सदरा आणि खिशावर आरटीओचा पितळी बिल्ला. आमच्याकडचे बहुतेक काळीपिवळी टॅक्सीवाले बनियनवर गाडी चालवतात, बिल्ला डॅशबोर्डात पडलेला असतो. मुश्ताकला ते खपत नसे. गाडी चालवणारा दुरून गाडी चालवणाराच दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. सदऱ्याला घरी इस्त्री होत असे. ती सलीमा करायची, त्याची बायको. चंद्रपूरच्या घुटकाळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात गेलं की कोळशाच्या इस्त्रीचा वास यायचा.

त्यांना एकच मुलगा, रईस. आयटीआय अर्धवट सोडून तो बापाबरोबर गाडीवर बसू लागला. एकवीस वर्षांचा झाला तसा मुश्ताकने त्याच्या मापाचे दोन खाकी सदरे शिवून घेतले आणि बिल्ला काढून दिला. तो बिल्ला दाखवायला दोघे माझ्याकडे आले होते. रईस लाजत होता. मुश्ताक म्हणाला, "पाहा बाई, सायबासारखा दिसते का नाई?" मी हो म्हटलं. खरंच दिसत होता.

त्याच श्रावणात रईस आलापल्लीला सवाऱ्या सोडून रिकामी जीप घेऊन परत येत होता. आष्टीला पोचायच्या आधी एका नाल्यावर रपटा आहे, म्हणजे पाण्याच्या पातळीला बांधलेला बिनकठड्याचा पूल. त्याच्यावरून पाणी जात होतं. दोन्हीकडे एसटी आणि ट्रक थांबले होते. रईसला घाई कसली होती, कोण जाणे. त्याने गाडी घातली. मधोमध गेल्यावर जीप आडवी झालेली लोकांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ती नाल्याच्या काठच्या अर्जुनाच्या झाडाला अडकलेली सापडली. रईस सापडला नाही. तो नाला पुढे प्राणहितेला मिळतो आणि प्राणहिता त्या दिवसांत पाच-सहा माणसं सहज लपवून ठेवते.

मुश्ताकने जीप दुरुस्त करून घेतली. लोकांना ते विचित्र वाटलं. पण घर त्या जीपवरच चालत होतं आणि दुसरी जीप काही आकाशातून पडणार नव्हती. इंजिन उघडलं, गाळ काढला, सीटा बदलल्या. तो पुन्हा त्याच रस्त्यावर सवाऱ्या नेऊ लागला.

सलीमाने मात्र रईस गेला हे मानलंच नाही. तो कुठेतरी काठाला लागला असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल, नाहीतर जंगलवाल्यांनी, म्हणजे नक्षल्यांनी, धरून ठेवला असेल, असं तिचं चालू असे. दर शुक्रवारी ती त्याचा उरलेला सदरा धुवायची, इस्त्री करायची आणि खुंटीला टांगायची. रडायची नाही. मला हे रडण्यापेक्षा जड वाटे.

मुश्ताकची अडचण वेगळी होती. ती त्याने मला मे महिन्यात सांगितली. दुपारी आला, पायरीवरच बसला, पाणी प्यायला. मौलवींना त्याने पुन्हा विचारलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं होतं की मय्यत समोर असल्याशिवाय जनाज्याची नमाज त्यांच्यात होत नाही. पण कोणी परक्याने पुरलेलं असेल आणि कबर सापडली, तर तिच्यापुढे उभं राहता येईल. नदीकाठचे लोक बेवारस मढं वर लागलं तर बऱ्याचदा गुपचूप पुरून टाकतात. कोणी तरी, कुठे तरी पुरलं असेलच.

"एक ढिगारा भेटला तरी चालते मले," तो म्हणाला. "सलीमाले तिथी नेऊन उभी करीन. मंग तिचा सदरा थांबन."

पाणी आता अगदी तळाला गेलं होतं. नदीच्या पात्रात डांगरवाड्या, म्हणजे टरबुजांचे मळे, लावणारे ढिवर कोळी अजून वाळूतच झोपड्या टाकून राहात होते. पात्रात काय आलं, काय गेलं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. ते आठवडाभरात झोपड्या मोडून वर गावात जातील आणि मग विचारायला कोणी उरणार नाही. त्याला तेवढ्यात जायचं होतं. पण एकट्या माणसाने जीपमधून उतरून मढ्याची चौकशी केली की त्या भागात कोणी तोंड उघडत नाही, हा त्याचा अनुभव. हिवाळ्यात तो दोनदा जाऊन आला होता.

"तुमी गाडीत बसल्या असल्या तं लोक बोलतीन," तो म्हणाला. "पांढऱ्या केसाईच्या बाईले पाहून कोनी भेत नाई."

नागपूरच्या कॉन्व्हेंटात असताना सिस्टरांनी रोज रात्री दिवसाचं लिहून काढायची सवय लावली, ती अजून आहे. त्या रात्री मी वहीत एवढंच लिहिलं की उद्या नदीवर जाते आहे.

आम्ही पहाटे निघालो. मी थर्मास, छत्री, दशम्या आणि कांदे घेतले होते. मुश्ताकने काळ्या छत्रीकडे पाहून विचारलं की बाई, कोर्टात चालल्या का. बल्लारपूर मागे पडलं, गोंडपिपरीला चहा घेतला. पुढे सागाची जंगलं पार उघडी होती. खाली वणव्याने काळी झालेली जमीन आणि वर निष्पर्ण फांद्या, मध्येच एखादा बहावा पिवळ्या घोसांनी लदलेला. गावांजवळच्या मोकळ्या जागांत तेंदूची पानं वाळत घातलेली होती, बायका वाकून ती उलटत होत्या. नऊ वाजेपर्यंत वारा तव्यावरून आल्यासारखा लागू लागला. गुणवंतरावांबरोबर मी या रस्त्याने किती वेळा गेले होते. त्यांना झाडांची नावं सांगायची हौस होती आणि मला ऐकायची. आता नावं माझ्याकडे होती आणि ती सांगायला कोणी नव्हतं.

आष्टीच्या पुलावर मुश्ताकने गाडी हळू केली. खाली वैनगंगा वाळूत तीन-चार धारांनी जात होती. याच नदीत, मार्कंड्याला, मी गुणवंतरावांच्या अस्थी सोडल्या होत्या. आमच्यात नदीला दिलं की झालं, मन मोकळं होतं. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र नदीकडून परत हवं होतं.

रपट्यावरून जाताना तो जीपशी काही बोलला नाही. मीही अर्जुनाचं झाड शोधलं नाही.

पहिला दिवस आष्टीपासून खालच्या घाटांवर गेला. मी झाडाखाली बसायची, बायका गोळा व्हायच्या, कुठून आल्या, पोरंबाळं किती, असं सुरू व्हायचं, आणि मग मुश्ताक सावकाश विचारायचा. कुठे दोन वर्षांपूर्वीचं मढं निघालं, कुठे बाईचं. एका घाटावर म्हाताऱ्याने कबर म्हणून जागा दाखवली, ती त्याच्या बैलाची निघाली. मुश्ताक त्याही ढिगाऱ्यापुढे जरा वेळ उभा राहिला होता. परत येताना म्हणाला, "बैल बी नशीबवान आहे, बाई." आलापल्लीच्या विश्रामगृहात आम्ही मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी अहेरीच्या पुढे नाक्यावर एका शिपायाने गाडी अडवली. म्हातारीला घेऊन कुठे, म्हणून विचारलं. मुश्ताक म्हणाला, बाईंना नदी पाहायची आहे. शिपाई हसला. मे महिन्यात नदी पाहायची म्हणजे वाळू पाहायची, म्हणाला. मग माझ्या छत्रीकडे पाहून त्याने बांबू वर केला.

तिथून खाली रस्ता जंगलातून नदीच्या कडेकडेने जातो. झाडांमधून मध्येच पात्राचा पांढरा पट्टा चमकायचा. पलीकडे आंध्रातली ताडाची झाडं. अकराच्या सुमाराला आम्ही एका लहान गावाखाली पात्रात उतरलो. तिथे एकच डांगरवाडी उरली होती. वेली अर्ध्या सुकलेल्या, झोपडीचं एका बाजूचं छप्पर काढून गुंडाळून ठेवलेलं. पत्रू नावाचा चाळिशीचा ढिवर आणि त्याची बायको मंगली सामान बांधत होते.

मंगली तोंडाळ होती. मला बसायला बाज टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "पाहा जी, पावन्या उन्हात उभ्या आहेत अन् तुमी दोरी पाहून राह्यले. दोरी कुठी पळून जाते का?" पत्रूने हसून दोरी टाकली आणि डांगर फोडायला घेतलं. त्याने एकच विचारलं, कोणाकडचे आलात. मी सांगितलं, चंद्रपूरहून. वनखात्यातल्या साहेबांची मी बायको, ते आता नाहीत. मंगलीने च-च केलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मग मुश्ताकने विचारलं. मागच्या श्रावणात पुरातून एखादं मढं इथे लागलं होतं का, जवान पोराचं.

पत्रू लगेच म्हणाला, नाही. फार लगेच म्हणाला. पुरात लाकडं येतात, जनावरं येतात, माणूस काही आलं नाही. त्याने डांगराची फोड मुश्ताकच्या हातात दिली आणि दुसरीकडे पाहू लागला. मुश्ताकने मान हलवली. दोन दिवसांत त्याने अशी पुष्कळ उत्तरं ऐकली होती.

मंगली पाण्याचा गडवा घेऊन मुश्ताकसमोर वाकली आणि तशीच थांबली. तिची नजर त्याच्या खिशावर होती.

"तुमी पोलीस होय का, भाऊ?"

"नाई वो. गाडीवाला आहो."

"मंग हे कायचं?"

"बिल्ला आहे. गाडी चालवनाऱ्याले देतेत. मले आहे, माह्या पोराले बी होता."

मंगलीने गडवा वाळूत ठेवला. पाणी सांडलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. नवऱ्याकडे वळून ती त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, अर्धं तेलुगू. पत्रूने तिला गप्प बसायची खूण केली. ती गप्प बसली नाही. शेवटी पत्रू उकिडवा बसला आणि वाळूकडे पाहात सांगू लागला.

श्रावणात पाणी वर गावाच्या बांधापर्यंत होतं. एका सकाळी बांधाच्या झुडपात एक माणूस अडकलेला दिसला. अंगात खाकी सदरा आणि खिशावर पितळी चकती. पत्रू आणि त्याचा भाऊ दोघेच तिथे होते, मागून मंगली आली. त्यांना वाटलं, पोलीस आहे. मेलेला पोलीस गावाच्या बांधाला. कोणी मारला, कुठून आला, हे पुढे कोण ऐकणार? एकीकडचे येऊन विचारतील, कोणी मारलं. दुसरीकडचे येऊन विचारतील, कोणाला सांगितलं. गावात तरणी पोरं होती. वर काढून पुरला असता तर जमीन उकरलेली दिसली असती. म्हणून त्यांनी डोंगा काढला, बांबूने त्याला झुडपातून सोडवला आणि मधल्या धारेत नेऊन ढकलला. सगळं इतक्या झटपट केलं की गावातल्या कोणाला कळलंही नाही.

"आमाले वाचता येत नाई जी," पत्रू म्हणाला. "चकतीवर काय लिवलं होतं, कोनाले मालूम. पितळ दिसलं, बस."

जीपच्या बोनेटवर एक कावळा येऊन बसला आणि चटका बसून उडाला. मुश्ताकच्या हातातली फोड तशीच होती, तिचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

मग त्याने मंगलीला विचारलं, "त्याचं तोंड कोन्या बाजूले होतं?"

तिला कळलं नाही. मला कळलं. मी म्हटलं, झुडपात अडकलेला होता तेव्हा तो कुठल्या दिशेला बघत होता, ते विचारतो आहे.

मंगलीने विचार केला. मग हात नदीकडे केला, पलीकडच्या ताडांकडे. "तिकडे. मी तोंडावर पळसाचं पान ठेवलं होतं, भाऊ. उघडं नाई सोडलं."

नदी त्या गावाच्या पश्चिमेला आहे. म्हणजे त्या सकाळी रईसचं तोंड पश्चिमेला होतं, त्यांच्यात कबरीत ठेवतात तसं. मुश्ताकने मान डोलावली. त्यानंतर बांबूने ढकलल्यावर ते कुठल्या दिशेला झालं, हे त्याने विचारलं नाही.

पत्रूने त्याला बांधावरची ती जागा दाखवली. झुडूप उन्हाने वाळून गेलं होतं. मुश्ताक तिथे उभा राहिला. पादत्राणं काढली, नमाजेसाठी हात बांधायला उचलले आणि खाली सोडले. समोर काही नव्हतं. मी दुरून पाहात होते. त्याने बिल्ला काढला नाही, सदरा काढला नाही, रडलाही नाही. परत येऊन बाजेवर बसला आणि हातातली फोड खाऊन टाकली, कारण मंगली त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाला, "तुमची काई चूक नाई, भाऊ. दुरून तो सायबासारखाच दिसत होता."

निघताना पत्रूने जीपमध्ये एक मोठं डांगर ठेवलं. मुश्ताकने नको म्हटलं नाही. नको म्हटलं असतं तर तो माणूस त्या दिवशी जेवला नसता.

परतीच्या रस्त्यात तो एकदाच बोलला. गोंडपिपरी यायच्या आधी गाडी एका मोहाखाली उभी केली.

"बाई, सलीमाले काय सांगू?"

मी म्हटलं, आहे ते सांग.

"सांगतो. ती विचारते, तोच होता कशावरून. मंग मले सदऱ्याचं सांगा लागन. बिल्ल्याचं सांगा लागन. तिनं इस्त्री केलेला सदरा होता तो, बाई. मी घालाले लावला अन् तिनं इस्त्री केली. बनियनवर असता तं पुरला असता."

मी थर्मासातलं पाणी ओतून त्याच्यापुढे धरलं.

घुटकाळ्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सलीमा दारातच उभी होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"काई भेटलं नाई," मुश्ताक म्हणाला.

तिचा चेहरा उजळला. मी त्या घरात तिला हसताना वर्षभर पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मी म्हनत होती ना? एवढी नदी पालथी घातली अन् काई नाई भेटलं, म्हंजे आहे तो." मला आत बसवलं, चहा टाकला. शेजारणीला हाक मारून सांगितलं की बाई स्वतः जाऊन आल्या, काही सापडलं नाही. मग जीपमधलं डांगर दिसलं तेव्हा तिने ते चिरलं, फोडी ताटात लावून आमच्यापुढे ठेवल्या आणि एक फोड बाजूला झाकून ठेवली. ती कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. खुंटीवर सदरा होता, इस्त्रीची घडी न मोडलेला.

त्या दिवसापासून मुश्ताकचं हसणं कमी झालं, पण गाडी तो पूर्वीसारखीच चालवत राहिला. खाकी सदरा त्याने सोडला नाही. सोडला असता तर सलीमाने कारण विचारलं असतं.

पुढच्या मे महिन्यात सलीमा स्वतः माझ्याकडे आली. पाणी उतरलं असेल, म्हणाली, डांगरवाडीवाले उठायच्या आत एकदा जाऊन या, यंदा जरा खालपर्यंत, सिरोंच्यापर्यंत पाहा. तुम्ही असल्या की लोक बोलतात. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पहाटे मुश्ताक जीप घेऊन फाटकाशी आला. मी थर्मास आणि छत्री घेऊन बाहेर आले. तो खाली उतरला नाही.

"तुमी राहू द्या, बाई," तो म्हणाला. "उन्हात कायले त्रास? आता कोनाले काई विचाराचं नाई."

मी फाटकाशी उभी राहिले. तो एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला तेव्हा मागच्या सीटवर पत्रूने दिलं होतं तसंच एक मोठं डांगर होतं. त्यानंतर दरवर्षी तो असाच जातो. सलीमा दारात उभी असते, तो सांगतो की काही भेटलं नाही, आणि ती चहा टाकते.